हानाची सूटकेस आणि तिची प्रतिकृती : मुलांसाठीच्या एका चरित्राचा प्रकरण अभ्यास

२००० सालच्या सुरुवातीला टोकियोतील ‘होलोकॉस्ट एज्युकेशन रिसोर्स सेंटर’ या छोट्या संस्थेकडे पोलंडमधील ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या जागेवरील संग्रहालयाकडून काही वस्तू उसन्या आल्या. होलोकॉस्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. लहान मुलाचा एक मोजा आणि एक बूट, छोटा स्वेटर, झायक्लॉन बी या विषारी वायूचा एक डबा आणि एक सूटकेस. संस्थेच्या संचालक फुमिको इशिओका यांनी त्याआधी अनेक संग्रहालयांना पत्रे पाठवली होती आणि बहुतेक ठिकाणांहून नकारच आले होते. त्यांची अडचण अशी होती की जपानी मुलांना ‘साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत सुमारे १५ लाख मुले होती’ असे सांगितले की मुले आकडा ऐकून घेत आणि तिथेच थांबत. हातात धरता येईल, निदान काचेपलीकडून पाहता येईल, अशी एखाद्या मुलाची वस्तू त्यांना हवी होती.

आलेल्या वस्तूंपैकी सूटकेसवरच नाव होते. पांढऱ्या रंगात, मोठ्या अक्षरांत ‘हान्ना ब्रॅडी’ असे लिहिलेले होते. त्यासोबत ६२५ हा आकडा, १६ मे १९३१ ही जन्मतारीख आणि ‘वाइजेनकिंड’ हा जर्मन शब्द होता. वाइजेनकिंड म्हणजे अनाथ मूल. केंद्रात येणाऱ्या मुलांनी ‘स्मॉल विंग्ज’ नावाचा आपला गट केला होता, तो एक वार्तापत्रही काढत असे. या मुलांनी तारखेवरून हिशेब केला आणि ही मुलगी तेव्हा जवळपास आपल्याएवढीच असणार हे त्यांच्या लक्षात आले. मग प्रश्न सुरू झाले. ती दिसायची कशी? तिच्या आईवडिलांचे काय झाले? पेटीत काय होते? ती जगली का? इशिओकांकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि त्यांनी मुलांना तसे स्पष्ट सांगितले.

या प्रश्नांतून पुढे जे चरित्र उभे राहिले ते कॅनडातील पत्रकार कॅरन लिव्हाइन यांनी लिहिले. २००१ मध्ये त्यांनी आधी रेडिओसाठी माहितीपट केला, २००२ मध्ये ‘हानाज सूटकेस’ हे पुस्तक आले आणि पुढे ते अनेक भाषांत, मराठीतही, पोहोचले. होलोकॉस्टवरील बालचरित्रांत हे प्रकरण मला सर्वांत अभ्यासण्याजोगे वाटते. त्याचे कारण केवळ पुस्तकाची लोकप्रियता नाही. पुस्तक निघून दोन वर्षे झाल्यावर ज्या पेटीवर सारे उभे होते ती पेटीच मूळ नसल्याचे उघड झाले, आणि तरीही चरित्र कोसळले नाही. ते का कोसळले नाही, याचे उत्तर पुस्तक कसे तयार झाले यात आहे.

शोधाचा माग

इशिओकांनी पहिले पत्र ऑशविट्झ संग्रहालयाला लिहिले. तिथून एवढेच कळले की हाना तेरेझीनहून आलेली होती. तेरेझीन हे आजच्या चेक प्रजासत्ताकातले अठराव्या शतकातले तटबंदीचे गाव. नाझींनी १९४१ च्या नोव्हेंबरपासून त्याचे ज्यूंसाठी बंदिस्त वस्तीत रूपांतर केले. सुमारे १ लाख ४० हजार माणसे तिथे आणली गेली, त्यांपैकी सुमारे ३३ हजार तिथेच मेली आणि सुमारे ८८ हजार पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे व वस्त्यांकडे पाठवली गेली. इशिओकांनी तेरेझीनच्या संग्रहालयाला लिहिले, तेव्हा उत्तरादाखल हानाने काढलेल्या चित्रांच्या प्रती आल्या.

इथे क्षणभर थांबून ही चित्रे टिकली कशी, हे पाहायला हवे. तेरेझीनमध्ये फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार मुलांना चोरून चित्रकला शिकवीत. प्रत्येक मुलाने चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, असा त्यांचा आग्रह असे. जिथे माणसाची ओळख आकड्याने होत होती, तिथे त्या बाईंनी मुलांकडून नावे लिहून घेतली. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला पाठवून मारण्यात आले, पण जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सूटकेसमध्ये भरून ठेवली होती. युद्धानंतर ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आली. छप्पन्न वर्षांनंतर टोकियोतील एका बाईला हानाची चित्रे शोधून मिळाली, ती त्या नावांमुळे. चरित्राचा एक धागा असा त्या शिक्षिकेनेच, पुढचे काही ठाऊक नसताना, बांधून ठेवलेला होता.

जुलै २००० मध्ये इशिओका स्वतः तेरेझीनला गेल्या. संग्रहालय सुट्टीमुळे बंद होते, तरी आत काम करणाऱ्या एका कर्मचारी बाईंनी त्यांना याद्या दाखवल्या. यादीत ज्या नावांपुढे खूण होती ती माणसे वाचली नव्हती. हानाच्या नावापुढे खूण होती. तिच्या नावाजवळच आणखी एक ब्रॅडी होता, यिर्झी ब्रॅडी, जन्म १९२८, आणि त्याच्या नावापुढे खूण नव्हती. मग वस्तीत कोण कोणाबरोबर एकाच फळीवर झोपत असे याची नोंद पाहिली गेली आणि यिर्झीबरोबर झोपणारा मुलगा, आता वयस्कर झालेला, प्रागमध्येच राहतो हे समजले. इशिओका त्याच संध्याकाळी त्याला गाठू शकल्या. यिर्झी जिवंत होता, आता त्याचे नाव जॉर्ज होते आणि तो टोरोंटोत राहत होता.

यादीतली ती एक न केलेली खूण मला या सगळ्या शोधाचा कणा वाटते. जी नोंद मारणाऱ्यांनी ठेवली, तिच्यातूनच जगलेल्याचा पत्ता लागला.

ऑगस्ट २००० मध्ये बहात्तर वर्षांच्या जॉर्ज ब्रॅडी यांना टोकियोहून पत्र मिळाले. त्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या चित्रांच्या प्रती होत्या आणि मुलांना तिच्याविषयी काय काय जाणून घ्यायचे आहे हे लिहिलेले होते. पन्नास वर्षांपूर्वी कॅनडात येऊन त्यांनी नळजोडणीचा व्यवसाय उभा केला होता. हे काम ते तेरेझीनमध्येच शिकले होते आणि त्याच कौशल्यामुळे ऑशविट्झमध्ये त्यांचा जीव वाचला. त्यांनी उत्तर लिहिले आणि सोबत फोटो पाठवले. मार्च २००१ मध्ये ते मुलीला घेऊन टोकियोला गेले, आणि पेटीसमोर उभे राहिल्यावर त्यांना रडू आवरले नाही.

हानाचे आयुष्य, जेवढे कळले तेवढे

जॉर्ज यांच्या आठवणींतून जे समोर आले ते असे. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या नोवे म्येस्तो या छोट्या गावात कारेल आणि मार्केता ब्रॅडी यांचे किराणा-जिनसांचे दुकान होते. गावात ज्यू मुले म्हणजे ही दोनच. हिवाळ्यात बर्फावर घसरणे, घरी पाळलेले प्राणी, दुकानात लुडबुड, असे साधे बालपण. १९३९ मध्ये जर्मनांनी देश गिळंकृत केल्यावर आधी सिनेमा बंद झाला, मग खेळाचे मैदान, मग शाळा. १९४१ मध्ये आईला पकडून रावेन्सब्रुकच्या छावणीत नेले, काही महिन्यांनी वडिलांनाही. दोघांचाही १९४२ मध्ये ऑशविट्झमध्ये अंत झाला. मुले काही काळ काकांकडे राहिली. हे काका म्हणजे आत्याचे यजमान, ते स्वतः ज्यू नव्हते, त्यामुळे त्यांना थोडेफार संरक्षण होते.

मे १९४२ मध्ये मुलांना घेऊन जाण्याचा हुकूम आला. हाना आणि यिर्झी यांनी घर सोडले ते १४ मे रोजी. ट्रेबिच येथे माणसे जमवण्याच्या एका मोठ्या जागेत त्यांना चार दिवस जमिनीवर ठेवले गेले आणि हानाचा अकरावा वाढदिवस तिथेच झाला. सूटकेसवर लिहिलेली १६ मे ही तारीख पाहताना हे डोळ्यांसमोर आले की पेटीकडे पुन्हा तसे पाहता येत नाही.

तेरेझीनमध्ये भाऊ-बहिणींची ताटातूट झाली, तो मुलांच्या घरात, ती मुलींच्या. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला एक छोटी बुख्ता मिळे. बुख्ता म्हणजे भट्टीतला साधा गोड पाव. हाना आपला वाटा खात नसे. तो जपून ठेवी आणि भावाला भेटायला मिळे तेव्हा त्याला देई. या एका गोष्टीवर मी पुस्तकाच्या इतर कितीतरी पानांपेक्षा जास्त वेळ थांबलो. उपाशी मुलीने भावासाठी राखून ठेवलेला पाव मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. प्रसादाचा पेढा मुठीत धरून घरी आणणारी बहीण त्याने पाहिलेली असते.

२८ सप्टेंबर १९४४ पासून महिन्याभरात तेरेझीनहून ऑशविट्झकडे अकरा गाड्या गेल्या आणि त्यांतून १८ हजारांहून अधिक माणसे नेली गेली. यिर्झी आधी गेला. हाना २३ ऑक्टोबरच्या गाडीने गेली. फलाटावर उतरल्यावर पेट्या तिथेच टाकून पुढे चालायला सांगितले गेले, आणि तेरा वर्षांच्या हानाला त्याच वेळी वायुकोठडीत मारण्यात आले. त्यानंतर आठ-दहा दिवसांतच ऑशविट्झमधील वायुकोठड्या बंद करण्यात आल्या. युद्ध संपल्यावर यिर्झी गावी परतला तेव्हा काकांनी आईवडिलांचे सांगितले. हानाचे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. काही महिन्यांनी प्रागच्या रस्त्यावर हानाबरोबर राहिलेली एक मुलगी भेटली आणि तिने ते सांगितले.

लेखिकेचे निर्णय

लिव्हाइन यांनी एक प्रकरण टोकियोचे, एक चेकोस्लोव्हाकियाचे अशी वीण घातली. मुलांना या रचनेचा फायदा दुहेरी होतो. एक तर भयाच्या पानानंतर श्वास घ्यायला जागा मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘हे आपल्याला कसे कळले’ हेही त्यांच्यापुढे येत राहते. बहुतेक बालचरित्रांत ही दुसरी गोष्ट वगळलेली असते. चरित्रनायक जन्मतो, वाढतो, मरतो, आणि वाचणाऱ्या मुलाला वाटते की हे सारे कुठेतरी आपोआप लिहून ठेवलेले होते. इथे मात्र पत्रे पाठवणे, नकार येणे, यादी उघडणे, खूण शोधणे हे सर्व मूल डोळ्यांनी पाहते.

मृत्यूचा प्रसंग सर्वांत कठीण होता. वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मृती संग्रहालय हा विषय सहावी आणि त्यापुढच्या मुलांना शिकवावा असे सुचवते, आणि जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मृतिसंस्थेतील शिक्षणतज्ज्ञ लहान वयात छावण्यांच्या तपशिलाऐवजी एका माणसाची गोष्ट सांगावी असे मानतात. लिव्हाइन यांनी हानाला मोठ्या इमारतीत नेल्यापर्यंत लिहिले, दार मोठ्या आवाजाने बंद होते आणि कथन तिथे थांबते. आत काय झाले हे वर्णन केलेले नाही, आणि काय झाले हे लपवलेलेही नाही. पुस्तक वाचणाऱ्या मुलाला हाना मारली गेली हे निःसंदिग्धपणे समजते. मला हा निर्णय योग्य वाटतो. आत जे झाले ते सांगायला त्या खोलीतून कोणी परतले नाही, त्यामुळे तिथे कल्पनेने भर घालणे म्हणजे मुलांना खोटा साक्षीदार देण्यासारखे झाले असते.

एका जागी मात्र मला अडखळायला होते. तेरेझीनमधल्या शेवटच्या वेळी हाना एका मैत्रिणीकडून केस धुऊन, विंचरून घेते, कारण तिला भाऊ भेटेल अशी आशा असते. प्रसंग अतिशय हृद्य आहे, पण जॉर्ज तेव्हा तिथे नव्हते, ते जवळजवळ महिन्याभरापूर्वीच गेलेले होते. अशा ठिकाणचे संवाद आणि हानाच्या तोंडचे शब्द कुठून आले, हे वाचणाऱ्या मुलाला पुस्तकातच कळायला हवे. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याने तेवढे म्हणावे की हे इतरांच्या आठवणींवरून जुळवलेले आहे. मुलांना ते अजिबात जड जात नाही.

मूठ जुळत नव्हती

२००४ च्या सुरुवातीला जॉर्ज यांच्या मुलीच्या लक्षात एक विसंगती आली. सूटकेसचे एक जुने छायाचित्र होते, कित्येक वर्षांपूर्वी काढलेले, आणि त्यातल्या पेटीची मूठ टोकियोतल्या पेटीच्या मुठीशी जुळत नव्हती. अक्षरे तीच, मजकूर तोच, मूठ मात्र वेगळ्या बाजूला. जॉर्ज आणि इशिओका यांनी ऑशविट्झ संग्रहालयाकडे विचारणा केली. उत्तर असे आले की मूळ सूटकेस १९८४ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे प्रदर्शनासाठी नेलेली असताना आगीत जळून गेली होती, आणि ती आग मुद्दाम लावली गेली असावी असा दाट संशय होता. त्यानंतर छायाचित्रावरून संग्रहालयाने हुबेहूब प्रतिकृती करून घेतली. २००० मध्ये टोकियोला पाठवली गेली ती ही प्रतिकृती, आणि पाठवताना ते सांगायचे राहून गेले.

ही बातमी कळल्यावर संबंधितांना काय वाटले असेल याची कल्पना करावी. जॉर्ज ज्या पेटीपुढे उभे राहून रडले होते, ती हानाच्या हातात कधीच नव्हती. मुलांनी ज्या वस्तूला ‘हानाची’ म्हटले, ती हानाच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी कोणा कारागिराने घडवलेली होती. त्यातही होलोकॉस्ट झालाच नाही असे म्हणणारे लोक अशा एखाद्या चुकीचीच वाट पाहत असतात. जपानमध्येच १९९५ मध्ये ‘मार्को पोलो’ या मासिकाने वायुकोठड्या नव्हत्याच असा लेख छापला होता आणि त्यावरून उठलेल्या वादळानंतर प्रकाशकाला ते मासिक बंद करावे लागले होते. या पार्श्वभूमीवर गप्प राहणे हा सोपा मार्ग होता. पेटी प्रदर्शनात होती, पुस्तक विकले जात होते, मूठ कोणी तपासणार नव्हते.

ब्रॅडी कुटुंब आणि टोकियोच्या केंद्राने गप्प न राहता सारे जाहीर केले. मूळ पेटी जळाली, ही प्रतिकृती आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि आता ठाऊक झाले आहे. त्यासोबत त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली, की ज्यांनी ती प्रतिकृती घडवली त्यांच्यामुळेच हानाचे नाव पुन्हा कोणाच्या तरी डोळ्यांसमोर आले. ती घडवली गेली नसती तर बर्मिंगहॅमच्या आगीबरोबर हानाही संपली असती. मला यात स्वतःची समजूत घालण्याचा भाग दिसत नाही. नाव, तारीख, चित्रे, याद्या, भावाची साक्ष आणि वाचलेल्या मुलीची साक्ष, यांतला एकही पुरावा त्या पेटीवर अवलंबून नव्हता. पेटीने प्रश्न उभे केले होते, उत्तरे दुसरीकडून आली होती. चरित्र कोसळले नाही ते यामुळेच. शोधाचा प्रत्येक टप्पा पुस्तकात उघडपणे मांडलेला होता, त्यामुळे एक टप्पा दुरुस्त करता आला, बाकीचे जागेवर राहिले.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण २००८ मधले आहे. अमेरिकेत एका वृद्ध माणसाची प्रेमकहाणी गाजत होती. छावणीच्या कुंपणापलीकडून एक मुलगी त्याला सफरचंदे टाकायची आणि पुढे तीच त्याची बायको झाली, अशी ती कहाणी. त्यावर मुलांसाठी चित्रपुस्तकही निघाले. तो माणूस खरोखरच छावणीतून वाचलेला होता, पण सफरचंदांची गोष्ट त्याने रचलेली होती, आणि ते उघड झाल्यावर प्रकाशकाने चित्रपुस्तक बाजारातून परत घेतले. त्या पुस्तकात काही दुरुस्त करता येण्यासारखे नव्हतेच, कारण त्याचा सारा भार त्या एका गोष्टीवर होता. खरोखर सोसलेल्या माणसाचे खरे दुःखही त्या गोष्टीबरोबर संशयाच्या खाईत गेले, ही त्यातली सर्वांत दुःखद बाब.

मराठी वाचकाच्या हाती

मराठी घरात हे चरित्र वाचताना काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. आपल्याकडे ज्यू म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत ते शेजारी. ते मराठीच बोलत, आणि त्यांच्यावर ज्यू म्हणून कोणी तुटून पडल्याचा इतिहास इथे नाही. त्यामुळे ‘पण त्यांना का मारले?’ हा प्रश्न मराठी मूल अगदी मनापासून विचारते, आणि पुस्तकात दिलेले उत्तर त्याला पुरत नाही. दुसरीकडे हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी अनुवाद आपल्या पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळतात आणि ‘शिस्तीचा माणूस’ असे त्याचे कौतुक अजूनही कानावर येते. एखाद्या बारा वर्षांच्या मुलाने ते पुस्तक आधी हाती घेतले तर त्याला हानाचे नाव कधी कळणारही नाही. हे पुस्तक त्याच्या हाती आधी जावे असे मला फार तीव्रतेने वाटते, आणि जाताना वर्षे, गावे, कोणी कोणाला काय सांगितले, हे गाळून जाऊ नये.

ऑशविट्झ संग्रहालयात आज सुमारे ३,८०० सूटकेस आहेत, त्यांतल्या सुमारे २,१०० पेट्यांवर नावे आहेत. जॉर्ज ब्रॅडी जानेवारी २०१९ मध्ये टोरोंटोत निधन पावले. पुस्तक वाचून झाल्यावर मूल विचारतेच, ती पेटी आता कुठे आहे? तेव्हा त्याला सरळ सांगावे, की हानाची पेटी १९८४ मध्ये बर्मिंगहॅमला जळाली, टोकियोला गेली ती तिची प्रतिकृती, आणि हे जगाला कळले ते जॉर्ज यांच्या मुलीने जुन्या फोटोत मूठ नीट पाहिली म्हणून.